फाटकावरचा सातवा नियम

राजेंद्र नगर, इंदूर
बुधवार, ६ ऑगस्ट २०२५

चि. पूर्वा,
अनेक आशीर्वाद.

फाटकात दोष नव्हता. इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्राध्यापकांनी केलेल्या तपासणीचा अहवाल काल महूच्या कोर्टात दाखल झाला. आपल्या वकील कीर्ती यांनी संध्याकाळी फोन करून तो मला शब्दन् शब्द वाचून दाखवला. फाटक पन्नास वेळा उघडून सोडलं, कधी पूर्ण, कधी अर्धं, कधी वीतभर. पन्नास वेळा ते आपोआप मिटलं आणि खटका लागला. जास्तीत जास्त वेळ लागला तो साडेचार सेकंद.

ईशा चारपर्यंत मोजायची. पाच तिला येत होता, पण त्याआधी खटका लागायचा.

बाकीचंही सगळं तू सांगितलं होतंस तसंच आहे. कुंपणाची उंची सव्वा मीटर. दोन गजांमधलं अंतर कुठेही दहा सेंटिमीटरच्या वर नाही. खटका कुंपणाच्या वर काढलेल्या खांबावर, जमिनीपासून दीड मीटरवर. फाटक पाण्याच्या उलट बाजूला, बाहेर उघडणारं. फाटकावरच्या पाटीचा फोटोही अहवालाला जोडला आहे, सहाही नियम स्वच्छ वाचता येतात असा शेरा आहे. आपल्याकडे घरच्या स्विमिंग पूलला कुंपण हवंच, असं सांगायला कोणी आलं नव्हतं. तू ऑस्ट्रेलियातली दोन वर्षं डोक्यात ठेवून ते तिथल्या नियमांप्रमाणे करून घेतलंस, आणि ते बरोबर होतं.

हृषीकेश तुला कळवील म्हणून मी आज दुपारपर्यंत थांबलो. विचारलं तर म्हणाला, "तिचा फोन लागत नाही." तू लावलास का, असं मी पुढे विचारलं नाही. म्हणून हे पत्र, ग्वाल्हेरला, तुझ्या भावाच्या पत्त्यावर.

ईशाला जाऊन सव्वा वर्ष झालं. तेराव्याच्या दिवशी हृषीकेश, माझाच मुलगा, सगळ्यांदेखत तुला म्हणाला, "हट्ट तुझा, माणूस तुझा, कुंपण तुझं." मी तिथेच खुर्चीवर बसलो होतो. तू बॅग भरलीस तेव्हाही बसलेलोच होतो. निदान त्या तीन वाक्यांतलं तिसरं तरी आता कोणी तुझ्याविरुद्ध बोलू शकणार नाही. हे तुला लवकरात लवकर कळावं एवढाच या पत्राचा हेतू.

अहवालात शेवटी एक वाक्य आहे. फाटक उघडं राहिलं असेल, तर ते बाहेरच्या एखाद्या वस्तूच्या आधारानेच राहिलं असेल. कीर्तींनी विचारलं, "शामकाका, तिथे तसं काही पडलेलं होतं का?" मी म्हटलं, आठवून सांगतो.

माझी साक्ष शुक्रवारी, २२ तारखेला आहे.

बाबा

*

रविवार, १० ऑगस्ट

चि. पूर्वा,

ज्याला हृषीकेश 'माणूस तुझा' म्हणाला तो बंटी आज सकाळी येऊन गेला. मल्हारगंजचं वर्कशॉप त्याने दिवाळीतच बंद केलं, हे तुला माहीत नसेल. आता लोखंडवाल्यांच्या गल्लीत दुसऱ्याच्या दुकानात रोजावर वेल्डिंग करतो. "ज्याच्या गेटने पोरगी गेली तो बंटी" असं त्याचं नाव झालं आहे. काम द्यायला कोण येणार? जामीन आहे, पण दर तारखेला महूला जावं लागतं आणि त्या दिवसाचा रोज बुडतो.

तुझ्या सासूबाईंनी त्याला चहा दिला. (तुझ्यासमोर मी तिला नेहमी 'आई' म्हणत आलो. या पत्रांत नावाने लिहितो, तेच सोपं जाईल.) वसुधा म्हणाली, "किती वाळलास रे."

"आंटी, कोर्ट का पानी लग गया," तो हसून म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "अंकल, रिपोर्ट तो आ गई. अब आप एक बार बोल दो साहब के सामने कि गेट बराबर था. मैंने तो भाभीजी से कहा था, इतना ऊँचा लॉक कायको, हाथ दुखेगा. बोलीं, लगाओ. मेरी खुद की बच्ची झूली है उस गेट पे, नहीं खुला तो नहीं खुला."

मी म्हटलं, "बघतो."

"भिया लोग बोलते हैं, बड़े लोग हैं, पलट जाएँगे. मैंने कहा, नहीं, अंकल अख़बार में थे. ग़लत नहीं लिखते."

कप त्याने स्वतः विसळून ठेवला आणि गेला. तो गेल्यावर मी हे लिहायला बसलो आहे. वसुधाने विचारलं, कोणाला लिहिताय. बँकेला, म्हटलं.

पूर्वा, बाहेरची वस्तू होती. वरवंटा होता.

मानपुरजवळच्या त्या घराला लागून शेतं आहेत हे तू जाणतेसच. अंगणात काही वाळत टाकलं की शेळ्या यायच्या, नाहीतर मानपुरकडून भटकत येणारी कुत्री. तुझं कुंपण झालं आणि वसुधाला पहिल्यांदा मनासारखी जागा मिळाली. हौदाच्या कडेची कोटा फरशी (स्विमिंग पूलला ती हौदच म्हणायची) सकाळी आठलाच तापते आणि आत जनावर शिरत नाही. "सूनबाईने माझ्या कुरडयांना किल्ला बांधून दिला," असं ती शेजारणीला सांगायची. तू हसली होतीस. तू आठवड्यातले पाच दिवस ऑफिसात, इंदूरला. त्यामुळे एक गोष्ट तुझ्या नजरेस पडली नाही. गरम चिकाचं पातेलं किंवा भरलेली परात दोन्ही हातांत असली की दीड मीटरवरचा खटका दाबून ते फाटक धरून ठेवता येत नाही. तेव्हा वसुधा आधी फाटक उघडून त्याच्या तळाशी वरवंटा आडवा लावायची, चार खेपा करायची आणि शेवटच्या खेपेहून परतताना तो काखेत मारून घरात आणायची. मी रोज बघायचो. कधी काही बोललो नाही.

त्या रविवारी, २८ एप्रिलला, हृषीकेशने ईशाला पाण्यातून काढलं, ओसरीवर निजवलं, आणि सगळे तिच्याभोवती होते, तेव्हा मी एकटा मागे गेलो. फाटक सताड उघडं होतं. मी वरवंटा काढला. फाटक माझ्या डोळ्यांदेखत मिटलं. वरवंटा मी स्वयंपाकघरात नेऊन ओट्याखाली ठेवला.

ठाण्यातून लोक आले तेव्हा मी सांगितलं, "फाटक आपोआप बंद होतं. मुलीचा हात खटक्यापर्यंत पोचत नाही. खटका नीट लागला नसेल तरच ती आत जाऊ शकते." यातलं एकही वाक्य खोटं नाही. असा मजकूर कसा लिहायचा ते मला येतं. तीस वर्षं दुसऱ्यांचा असाच मजकूर मी तपासला आहे.

बंटीवरची तक्रार या तीन वाक्यांवर उभी आहे. हृषीकेशने तुला जे ऐकवलं तेही.

तू विचारशील, का. वसुधाला वाचवायला, असं मी स्वतःला सांगत आलो. ती अजून रोज एकदा तरी विचारते, "मी वरवंटा उचलला होता ना हो?" मी म्हणतो, "उचलला होतास." ती मान हलवते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारते. त्या दिवसापासून तिने एक पापडही लाटलेला नाही.

बाबा

*

शुक्रवार, १५ ऑगस्ट

चि. पूर्वा,

मागचं पत्र मी पुन्हा आठवून पाहिलं. त्यात मी वसुधाला पुढे उभं केलं आहे आणि स्वतः तिच्या मागे राहिलो आहे. वाचून तुझी समजूत अशी होईल की वरवंटा तिचा राहिला आणि मी तो लपवला. तसं नाही.

ती विचारते तेव्हा मी "उचलला होतास" म्हणतो, ते खरं आहे. तिने उचलला होता. सव्वाआठला कुरडया घालून झाल्या, ती वरवंटा घेऊन बाहेर आली, फाटक मिटलं, खटका लागला. मी ऐकला. मग ती आंघोळीला गेली आणि जाताना म्हणाली, "सांडग्यांच्या दोन पराती तेवढ्या उन्हात नेऊन ठेवा. वरवंटा विसरू नका."

न्यायचा विसरू नका असं मी समजलो की आणायचा, ते आता सांगता येत नाही. मी तो नेला. तिच्यासारखाच फाटकाच्या तळाशी आडवा लावला आणि पहिली परात आत ठेवली. ईशा माझ्या पायजम्याला धरून मागे मागे होती. "आजोबा, मी पण येते." मी म्हटलं, "घरात जा, आजीकडे." ती घराकडे वळलेली मी पाहिली.

दुसरी परात आणायला घरात आलो तर फोन वाजत होता. सोमवारच्या पुरवणीसाठी मी अजून अधूनमधून एक छोटं सदर लिहितो, आणि त्या दिवशी जाहिरात आल्यामुळे तो मजकूर आठ ओळींनी जास्त झाला होता. पान जायला उशीर होत होता. घरात आवाज तुटतो, म्हणून मी पुढच्या गच्चीवर गेलो. कुठल्या आठ ओळी काढायच्या ते सांगितलं. आधी पाच सापडल्या, मग तीन. अकरा मिनिटं लागली. फोनमध्ये नोंद आहे, मी ती पुसलेली नाही.

वसुधाला वाटलं ईशा माझ्याबरोबर आहे. मला वाटलं ती वसुधाच्या न्हाणीघराच्या दाराशी बसली आहे. हृषीकेश मानपुरला भाजी आणायला गेला होता. तो आला, त्याने विचारलं, "ईशा कुठंय?" त्याला आम्ही दोघांनी एकाच वेळी वेगवेगळी उत्तरं दिली.

त्याच सकाळी साडेसातला तुझा फोन आला होता. तुला ऑफिसच्या कामासाठी रविवारीही इंदूरला थांबावं लागलं होतं. तू विचारलंस, "बाबा, गेट बंद आहे ना?" आणि मी म्हणालो, "अगं, तुझं गेट आपोआप बंद होतं. तू निवांत काम कर." तुला हे आठवत असेल. माझ्या मनातून ते जात नाही.

आज कॉलनीत झेंडावंदन होतं. मी गेलो नाही. कीर्तींना फोन केला आणि वरच्या सगळ्या गोष्टी सांगितल्या. त्यांनी सगळं लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "काका, असं बोललात तर बंटी सुटेल. पण पुरावा हलवला, खोटी माहिती दिली, हे तुमच्यावर येईल. निष्काळजीपणाही. विचार करा. एक आठवडा आहे."

मी म्हटलं, "विचार करायला सव्वा वर्ष मिळालं होतं."

"वसुधाकाकूंना माहीत आहे?"

"नाही."

"मग त्यांना माझ्याकडून किंवा कोर्टात कळू देऊ नका," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

हृषीकेशला मी उद्या सांगणार आहे. वसुधाला कसं सांगावं ते सुचत नाही. आता तिच्या मनात शंका आहे की आपण तो उचलला होता की नाही. मी खरं बोललो तर तिला कळेल की आपण सुटलो, आणि त्याच वाक्यात हेही कळेल की आपला नवरा इतके दिवस आपल्याला त्या शंकेत ठेवून रोज रात्री शेजारी झोपत होता.

बाबा

*

बुधवार, २० ऑगस्ट

चि. पूर्वा,

तुझा निरोप सोमवारी फोनवर आला. एकच ओळ. "बाबा, माझ्या कागदावर सात नियम होते."

हो. सात होते.

सव्वा वर्षाने तुझी पहिली ओळ आली आणि ती या एकाच गोष्टीची, जी मी तीन पत्रांत लिहिली नव्हती. पहिल्या पत्रात पाटीचे सहा नियम मी किती सहज लिहून गेलो होतो. तुझ्या नजरेतून ते सुटणार नाही, हे मला माहीत असावं. कदाचित म्हणूनच लिहिलं असेल.

तू इंग्रजीतला कागद आणून दिलास आणि म्हणालीस, "बाबा, तुम्ही छान मराठीत करून द्या. गडीमाणसांसाठी हिंदीतही." मी केलं. मल्हारगंजच्या पेंटरकडे घेऊन गेलो. पत्रा आधीच कापून तयार होता. तो म्हणाला, "बाबूजी, सात लाइन में अक्षर बारीक हो जाएँगे, दूर से कोई नहीं पढ़ेगा." मी खिशातून पेन काढलं आणि शेवटची ओळ खोडली. एक क्षणही विचार केला नाही. बातमी जागेत बसत नसेल तर खालून कापायची. महत्त्वाचं वर असतं, शेवटी उरतं ते गेलं तरी चालतं. नोकरीत शिकलेली ही पहिली गोष्ट आणि ती हातातच बसली होती. तू मात्र सात नियम बातमीसारखे लिहिले नव्हतेस. तू ते माणूस घरातून निघून हौदापर्यंत जाईल त्या क्रमाने लिहिले होतेस. आधी कुंपण, मग आसपास चढायला खुर्ची-कुंडी नको, मग खटका. फाटक शेवटी, कारण माणूस तिथे शेवटी पोचतो.

सातवा असा होता: फाटक कोणत्याही वस्तूच्या आधाराने उघडं ठेवू नये, क्षणभरही नाही.

पाटी लावली त्या दिवशी तू बोटाने मोजलंस. "बाबा, सातवा कुठंय?" मी म्हणालो, "अगं, आपोआप बंद होणारं फाटक आहे, ते त्यातच आलं. सगळं सांगत बसलं की कोणी वाचत नाही." तू म्हणालीस, "तुम्ही म्हणता तर ठीक." तू माझं ऐकलंस. वसुधा ती पाटी रोज वाचायची. तिच्यावर तो नियम असता तर तिने वरवंटा कधीच लावला नसता. तिला मी ओळखतो. लिहिलेलं ती मोडत नाही.

हृषीकेशला शनिवारी सांगितलं. तो उठला. गाडी घेऊन बाहेर गेला आणि दोन तासांनी परत आला. आल्यावर एवढंच म्हणाला, "पूर्वाला काय काय बोललो मी." तुला फोन करायला मी त्याला सांगितलेलं नाही. करणं त्याचं आहे, घ्यायचा की नाही ते तुझं.

वसुधाला काल दुपारी सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिने नेहमीसारखं विचारलं, "मी वरवंटा उचलला होता ना हो?" या वेळी मी म्हणालो, "तू उचललास. नंतर मी लावला. मी विसरलो, आणि नंतर मीच तो लपवला."

तिचा हात थांबला नाही. दोन-तीन खडे काढून तिने बाजूला ठेवले.

"माहीत आहे," ती म्हणाली. "मी तो पाट्यावर आडवा ठेवते. त्या संध्याकाळी तो ओट्याखाली उभा होता. आपल्या घरात वरवंटा उभा कोण ठेवणार? ज्याला तो कुठे असतो हे माहीत नाही तोच."

"मग मला रोज का विचारत होतीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून."

ताट घेऊन ती आत गेली. तांदूळ धुतल्याचा आवाज आला. पुष्कळ वेळ ती तेच तांदूळ धूत राहिली.

रात्री जेवताना तिने बंटीचा विषय काढला. त्याच्या मुलीचं नाव काय, कितवीत आहे. मला माहीत नव्हतं. "विचारायला हवं होतं," ती म्हणाली. मग म्हणाली, "शुक्रवारी मी येणार. तुम्ही एकटे गेलात तर पुन्हा तीनच वाक्यं सांगाल."

आता पुढचं. शुक्रवारी साडेदहापर्यंत आम्ही महूला पोचू. अकराच्या पुढे माझं नाव पुकारतील असं कीर्ती म्हणतात. मी वरवंट्याचं, फोनचं, पाटीचं आणि ठाण्यात दिलेल्या तीन वाक्यांचं सांगेन. बंटीचे वकील त्याच दिवशी त्याला सोडण्याचा अर्ज करतील. निकालाला दोन-तीन तारखा जातील, पण तो सुटेल असं कीर्तींना वाटतं. माझ्यावर वेगळी तक्रार होईल. कीर्तींनी जामिनाचे कागद तयार ठेवले आहेत. त्यानंतर कोर्ट तुला पत्र पाठवून तुझा मूळ कागद मागवेल अशी शक्यता आहे. तो तुझ्याकडे असेल तर जपून ठेव. नसेल तर मला सातही नियम पाठ आहेत. मी ते त्याच क्रमाने सांगेन आणि कुठलाही गाळणार नाही.

तू यावंस असं मी म्हणत नाही. गाडी ग्वाल्हेरहून रात्री निघते आणि सकाळी इथे पोचते, एवढं वसुधाने मला लिहायला सांगितलं आहे.

वरवंटा कोर्टात दाखवावा लागेल. वसुधाने तो जुन्या नऊवारीच्या तुकड्यात गुंडाळून पिशवीत घातला आहे. पिशवी जड आहे. मी धरतो म्हटलं, तर म्हणाली, फाटकापर्यंत तुम्ही नेलात, आता मी नेते.

बाबा